इंग्रजीचे स्पेलिंग दिले, सूर कोण देणार?

जून २००० मध्ये महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. मराठी बुडणार म्हणून तेव्हा अनेकांनी गळा काढला. गळा काढणाऱ्यांपैकी कितीजणांची स्वतःची मुले कॉन्व्हेंटात होती, हा प्रश्न त्यांना फारसा कोणी विचारला नाही. बहुजन समाजाने मात्र त्या निर्णयाचे मनापासून स्वागत केले, आणि ते योग्यच होते. ज्या समाजाच्या सावित्रीमाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'मध्येच इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, ज्या समाजाच्या बाबासाहेबांनी इंग्रजीच्या बळावर कोलंबिया आणि लंडन गाठले, तो समाज इंग्रजीला नाही कशाला म्हणेल?

आता त्या गोष्टीला पंचवीस वर्षे होऊन गेली. त्या वर्षी बुलडाणा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत पहिलीला बसलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. त्यांचे इंग्रजी कसे आहे? वाचता येते. अर्ज लिहिता येतो. मोबाईलवरचा मजकूर कळतो. पण पुण्यात मुलाखतीला बसले की तोंड उघडत नाही, आणि उघडले तर समोरचा माणूस 'पार्डन?' म्हणतो. मग मुलगा तेच वाक्य पुन्हा, पहिल्यापेक्षा हळू आवाजात म्हणतो. तिथेच मुलाखत संपते.

याचे कारण विचारले की ठरलेले उत्तर मिळते: शब्दसंपत्ती कमी, व्याकरण कच्चे. मला हे उत्तर पटत नाही. दहावी-बारावी झालेल्या आपल्या मुलांना काळ येतात, कर्तरी-कर्मणी येते, 'अ‍ॅज सून अ‍ॅज'चे 'नो सूनर दॅन' करता येते. त्यांना दिलेच गेले नाही ते इंग्रजीचे ध्वनी. म्हणजे तीन गोष्टी: आवाजावरून तयार झालेले शब्द, मनात आले की तोंडातून निघणारे उद्गार, आणि वाक्याचा चढ-उतार. शाळेत या तिन्हींना किरकोळ समजतात. पहिली गोष्ट बालवाडीची गंमत, दुसरी व्याकरणाच्या पुस्तकातले शेवटचे अर्धे पान, आणि तिसरी तर पुस्तकात छापताच येत नाही म्हणून नाहीच. इंग्रजी माध्यमाच्या महागड्या शाळेत मूल तीन वर्षांचे असल्यापासून या तिन्ही गोष्टी गाण्यांतून, कार्टूनमधून, घरातल्या बोलण्यातून त्याच्या कानावर पडत असतात. आमच्या पोराच्या वाट्याला 'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' येते. मांजर इंग्रजीत कसे ओरडते हे त्याला कोणी सांगत नाही.

हसू नका. मांजराच्या ओरडण्यात बरेच काही आहे.

वैशाख संपत आला, शेते नांगरून पडली, की आपल्या भागात पावशा ओरडू लागतो. शेतकरी सांगतो, तो म्हणतोय 'पेरते व्हा, पेरते व्हा'. हिंदी मुलखात हेच पाखरू 'पी कहाँ' विचारते. आणि इंग्रज साहेब या देशात आला, उन्हाने हैराण झाला, तेव्हा त्याला याच पाखराच्या ओरडण्यात 'ब्रेन फीवर, ब्रेन फीवर' ऐकू आले. इंग्रजीत त्या पक्ष्याचे नावच 'ब्रेनफीवर बर्ड' पडले. पाखरू एक, गळा एक. पण ज्याच्या डोक्यात पेरणी त्याला पेरणी ऐकू आली, ज्याच्या डोक्यात ताप त्याला ताप. भाषा आवाजाला कसे पकडते हे समजावून सांगायला यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही, आणि तो चिखलीच्या किंवा मोताळ्याच्या कुठल्याही शाळेबाहेरच्या झाडावर फुकटात मिळतो.

मराठीचे पुस्तक आपल्या मुलांकडून ध्वनिदर्शक शब्द पाठ करून घेते. घोड्याचे खिंकाळणे, मोराचा केकारव, हत्तीचा चीत्कार. यातला केकारव गावात कोणी कधी बोलले असेल तर मला ते गाव दाखवावे. आमच्या बोलीतले नादशब्द वेगळेच आहेत. टिनावर पाऊस ताडताड पडतो. उन्हात सोयाबीनच्या शेंगा तडतड फुटतात. मळणीयंत्र धडधडते, बैलाच्या गळ्यातले घुंगरू खुळखुळते, एसटी खडखडत येते. मोटारसायकलला आपल्या बापजाद्यांनी इंग्रजी नाव विचारले नाही, आवाज ऐकला आणि 'फटफटी' म्हणून मोकळे झाले. अशी कानाची श्रीमंती असलेल्या मुलाला इंग्रजीचे नादशब्द शिकवणे अवघड कसे असेल?

इंग्रजीतही हेच आहे. दार आपटले की 'स्लॅम', माशी घोंघावली की 'बझ', साप फुत्कारला की 'हिस', पाण्यात दगड पडला की 'स्प्लॅश', वाळलेला पाला वाजला की 'रसल'. आपण 'फडफड'पासून 'फडफडणे' करतो, तसे इंग्रजीही याच शब्दांची क्रियापदे करते. हा सांधा मुलाला एकदा दाखवला की त्याला पाच-पंचवीस क्रियापदे स्पेलिंग न घोकता मिळतात. आणि यातले काही शब्द तर त्याच्या खिशातच आहेत. 'क्लिक' हा आवाजाचाच शब्द, 'बीप' हा आवाजाचाच. मोबाईल हातात घेतलेले प्रत्येक पोर ते वापरते. पण हे आवाज आहेत, हे त्याला शाळेने सांगितलेले नसते.

आता उद्गारांकडे येऊ. इथे प्रकरण जरा गंभीर आहे.

मराठी व्याकरणात केवलप्रयोगी अव्ययांची एक यादी असते. त्यात 'अय्या' असते, 'इश्श' असते, 'वाहवा', 'छे', 'अरेरे' असते. आमची आई विळ्याने बोट कापले तर 'मायवं' म्हणते, बातमी ऐकून 'आवं बापा' म्हणते. हे शब्द त्या यादीत मला कधी दिसले नाहीत. म्हणजे दुखले तरी आम्ही प्रमाण भाषेत कळवळावे अशी अपेक्षा! यादी कोणी केली, कोणाच्या वाड्यातल्या बायकांचे उद्गार ऐकून केली, हे सांगायची गरज नाही. ज्या मुलाचा स्वतःचा उद्गार त्याच्या स्वतःच्या भाषेच्या पुस्तकाने नाकारला, ते मूल परक्या भाषेत 'वॉव' म्हणताना लाजले तर नवल काय? लोणारच्या सरोवराच्या काठावर उभा राहून परदेशी पाहुणा 'वॉव' म्हणतो आणि आपला माणूस 'अबब' म्हणतो. दोघांचा जीव एकाच कारणाने थक्क झालेला असतो.

इंग्रजीच्या तासाला उद्गार शिकवतात ते कसे? कोणीतरी मेले की 'अलास', सामना जिंकला की 'हुर्रे'. मग त्या उद्गारवाचक वाक्याचे विधानार्थी वाक्य करा, दोन गुण. रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण १९३० च्या दशकातले. तेव्हापासून गाइडे त्याच वळणावर चालत आली आहेत. आज इंग्रज माणूस घरात मयत झाली तर 'अलास' म्हणत नाही. आपल्या मुलांना जे रोज ऐकू येणार आहे ते वेगळे आहे. हातातून वस्तू पडली की 'ऊप्स'. चटका बसला की 'आउच'. सुटलो एकदाचे, तर 'फ्यू'. समोरचा बोलत असताना ऐकतोय हे दाखवायला 'अहं', 'आय सी', 'राइट'. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. फोनवर बोलताना आपला मुलगा साहेबाचे सगळे ऐकतो, पण तोंडातून हुंकार काढत नाही, कारण मोठ्या माणसापुढे गप्प ऐकायचे असे त्याला शिकवलेले असते. पलीकडच्याला वाटते, याला काही समजत नाही.

मुलांनी ठेच लागल्यावर 'मायवं' सोडून 'आउच' म्हणावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. कळवळायचे ते आपल्याच भाषेत. पण दुसऱ्याचे कळवळणे ओळखता आले पाहिजे, आणि हुंकार देता आला पाहिजे. एवढे दोन तासांत शिकवून होते.

तिसरी गोष्ट सुराची, आणि खरे रडगाणे तिथेच आहे.

मराठीत एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर आपल्याकडे 'च' आहे. 'मी पैसे दिले', 'मीच पैसे दिले', 'मी पैसेच दिले'. आपल्या वऱ्हाडीत 'म्याच देल्ले' म्हटले की भांडण कुठे चालले आहे ते शेजाऱ्यालाही कळते. इंग्रजीत असा 'च' नाही. तिथे वाक्य तेच राहते आणि त्या एका शब्दावर आवाज चढतो. हे माहीत नसलेला मुलगा सगळे शब्द सारख्या वजनाने, एका ओळीत, पाढे म्हटल्यासारखे म्हणतो. ऐकणाऱ्याला वाक्यातला मुद्दा कोणता हेच सापडत नाही. शब्दाच्या आतही तेच. 'प्रेझेंट' हा शब्द नाम म्हणून आला की पहिल्या अवयवावर भार, क्रियापद म्हणून आला की दुसऱ्यावर. मराठीत भार इकडचा तिकडे गेल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला त्याची सवय नाही. ही कानाची सवय आहे, बुद्धीचा त्यात संबंध नाही.

मराठीत 'येतोस ना?' म्हणताना 'ना' वर आवाज चढला तर विचारणे, उतरला तर गृहीत धरणे. इंग्रजीत 'आरन्ट यू' सारखी जी शेपटे लागतात त्यांचेही असेच चालते. वऱ्हाडी माणसाचे 'हाव' घ्या. 'हाव' म्हणजे कबूल. 'हाव?' म्हणजे काय सांगतोस. 'हाऽऽव' म्हणजे माहीत आहे तुझे. एका शब्दाचे तीन अर्थ पोराला पाळण्यापासून येतात. इंग्रजी 'ओह' आणि 'रिअली' याच चालीने चालतात. शिक्षकाने फळ्यावर 'ओह' लिहावे आणि वर्गाला सांगावे, हे 'हाव'सारखे म्हणा. पोरे हसत हसत शिकतील.

पण सुराचा एक भाग असा आहे की तिथे आपल्या मुलांची फसगत होते आणि दोष त्यांच्या संस्कारांवर जातो. मराठीत आदर क्रियापदात असतो. 'बस' आणि 'बसा'. 'पाणी दे' आणि 'पाणी द्या'. आपला मुलगा मनात 'मला पाणी द्या' म्हणतो, पूर्ण अदबीने, आणि त्याचे शब्दशः इंग्रजी करतो: 'गिव्ह मी वॉटर'. 'द्या'मधला आदर भाषांतरात गळून जातो आणि उरतो तो हुकूम. इंग्रजीत तू आणि तुम्ही दोन्हींसाठी 'यू' आहे, म्हणून ती समतेची भाषा आहे असे आपले काही मित्र भाषणात सांगतात. अर्धे खरे आहे. आदर तिथे 'प्लीज'मध्ये, 'कुड यू'मध्ये आणि आवाजाच्या चढ-उतारात राहतो. हे कोणी शिकवले नाही तर मुलगा उद्धट ठरतो. मग 'या लोकांना बोलायची रीत नाही' हे जुनेच वाक्य नव्या कचेरीत, 'सॉफ्ट स्किल' या नव्या नावाने, त्याच्या अंगावर येते.

आवाजाचा आणि जातीचा संबंध आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवायला नको. एकाला 'अहो' आणि दुसऱ्याला 'अबे' हे वय पाहून ठरत नव्हते. पाटलाचे पोर आपल्या म्हाताऱ्याला एकेरीत हाक मारत होते आणि म्हातारा मान खाली घालून 'जोहार मायबाप' म्हणत होता. त्या जोहाराचा सूर कसा होता? खाली जाणारा, विझणारा. पुढे कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांच्यामुळे 'जय भीम' रूढ झाला, आणि शब्दाबरोबर सूरही बदलला. 'जय भीम' खाली मान घालून म्हणून पाहा, म्हणता येत नाही. एका समाजाने आपला सूर बदलला, तेव्हा त्याचे चालणे-बोलणे बदलले. मुलाखतीच्या खुर्चीत आपल्या पोराचा आवाज वाक्याच्या शेवटी विझतो, त्यात थोडा तरी त्या जुन्या जोहाराचा अवशेष आहे, असे मला वाटते. तो व्याकरणाच्या गाइडाने जाणार नाही.

कोणी म्हणेल, आपल्या खेड्यातल्या मुलांना परकीय भाषेचा सूर जमणार कसा? त्यांनी संध्याकाळी कुठल्याही वस्तीतल्या बुद्धविहारात जावे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर ज्या समाजाने पाली हा शब्दही ऐकला नव्हता, त्या समाजाच्या घराघरांत पालीतली वंदना गेली. अक्षरओळख नसलेल्या आज्यांनी ती पाठ केली. आजही चार वर्षांचे मूल मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून त्रिसरण-पंचशील म्हणते, कुठे थांबायचे, कुठे स्वर लांबवायचा हे त्याला अचूक माहीत असते. स्पेलिंग कोणी विचारलेले नसते. आधी कान, मग तोंड, मग समज, आणि अक्षर सर्वांत शेवटी. शाळेत इंग्रजीच्या तासाला आपण नेमका उलटा क्रम लावला आहे. आणि ज्या समाजाने जलसे केले, वामनदादा कर्डकांची गाणी गावोगाव गायली, हलगीच्या ठेक्यावर सभा उभ्या केल्या, त्याला लय शिकवायला बाहेरून कोणी यायचे कारण नाही.

सूर शिकवा म्हणजे साहेबाची नक्कल करा, असा अर्थ कोणी काढू नये. नाकातून बोलणारी, 'र' गिळणारी इंग्रजी मला नको आहे. बीबीसीने १९५५ साली घेतलेली बाबासाहेबांची मुलाखत आज कोणालाही मोबाईलवर ऐकता येते. ती मुलांना जरूर ऐकवावी. तो आवाज इंग्रज साहेबाचा नाही, तो आपल्या मातीतला आहे. पण जोर कुठे द्यायचा आणि कुठे थांबायचे याबद्दल त्या आवाजाच्या मनात कसलाही गोंधळ नाही. आपल्याला एवढेच हवे आहे.

शिक्षकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, मी तो देणार नाही. ते स्वतः भाषांतर पद्धतीने इंग्रजी शिकले, आणि निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती यांतून वेळ उरला तर शिकवतात. त्यांच्या हाती साधने द्यावी लागतील. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने 'वुई लर्न इंग्लिश' हे कार्यक्रम तयार केले आणि ते आकाशवाणीवरून खेड्यांतल्या शाळांपर्यंत गेले, हा चांगला प्रयोग होता. शिक्षकाला इंग्रजी कमी येत असले तरी वर्गाच्या कानावर खरे इंग्रजी पडते, हा त्यातला मुद्दा. आज जवळपास प्रत्येक शिक्षकाकडे मोबाईल आहे. मुलांचाच आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांना परत ऐकवला, तरी अर्धे काम होते.

परीक्षेचे मात्र बोललेच पाहिजे, कारण आपल्याकडे जे परीक्षेत नाही ते वर्गात नाही. दहावीच्या भाषा विषयांना वीस गुणांची तोंडी परीक्षा होती. २०१८-१९ मध्ये ती बंद केली. मार्च २०१९ चा निकाल ७७.१० टक्के लागला, आदल्या वर्षी तो ८९.४१ होता. ओरड झाली आणि पुढच्या वर्षापासून वीस गुण परत आले. या सगळ्या गदारोळात हे वीस गुण ढीगभर वाटले जातात की नाही, त्याने निकाल फुगतो की नाही, यावरच चर्चा झाली. त्या वीस गुणांत मुलाचे बोलणे कोणी ऐकतो का, हे कोणी विचारले नाही. २०२५ मध्येही तेच झाले. पहिलीपासून हिंदीच्या शासन निर्णयावरून राज्य ढवळून निघाले, जूनअखेर सरकारला ते निर्णय मागे घ्यावे लागले. कोणती भाषा यावर रणकंदन, आणि भाषा शिकवायची कशी यावर शुकशुकाट.

आणि याच जिल्ह्याच्या उत्तरेला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी अशी मुले आहेत की ज्यांना मराठीही शाळेतच भेटते. कोणाच्या घरी कोरकू, कोणाच्या घरी भिलांची बोली. जामोदच्या परिसरात निहाली बोलणारे मोजके लोक आहेत. जगातल्या कुठल्याही ज्ञात भाषाकुळाशी त्या भाषेचे नाते अजून सिद्ध झालेले नाही. अभ्यासक दूरदूरचे देश सोडून तिच्यासाठी येतात, आणि ती बोलणाऱ्या घरातले पोर शाळेत मात्र 'याला काही येत नाही' म्हणून शेवटच्या रांगेत बसते. त्या पोराला निदान तीन भाषांत कोंबडा कसा आरवतो हे विचारून पाहावे. मराठीत कुकूचकू, इंग्रजीत कॉक-अ-डूडल-डू, आणि तुझ्या घरी काय रे? त्या दिवशी वर्गात शिकवणारा तो असेल.

बुलडाणा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे आणि आपल्या शिक्षक संघटनांकडे मागणी म्हणून एवढेच ठेवतो: केंद्रपातळीवरच्या शिक्षण परिषदेत इंग्रजीच्या अध्यापनाला एक पूर्ण सत्र द्या आणि त्या सत्रात फळा-खडू बंद ठेवा. दहावीच्या तोंडी परीक्षेत किमान पाच गुण सुराला आणि संभाषणातल्या हुंकाराला ठेवा, आणि ते मुलाला प्रत्यक्ष ऐकूनच द्या. जिथे विहार आहे, अभ्यासिका आहे, तिथे आपल्या शिकलेल्या तरुणांनी रविवारी वंदनेनंतर एक तास मुलांना इंग्रजी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी, दार आपटले तिथे 'स्लॅम' म्हणत आणि चटका बसला तिथे 'आउच' म्हणत. याला शासन निर्णय लागत नाही. येत्या रविवारीही करता येईल.